नंबर वाचला म्हणून ट्रॅक्टर वाचला

आज पाऊस थोडा उघडलाय, खाचरात पाणी धरून ठेवलंय, हातात दोन-तीन तास आहेत. बरेच जण विचारतात की तुमचा १९९८ चा फोर व्हील ट्रॅक्टर अजून चालतो कसा, त्याचं पुढच्या एक्सलचं सामान मिळतं कुठून. एका ओळीत उत्तर देता येत नाही, त्यामागे मोठा इतिहास आहे. म्हणून आज नेहमीची पिकाची नोंद बाजूला ठेवून हे लिहितोय. लांब आहे, पण ज्याच्या दारात जुना फोर व्हील उभा आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

२०२३ चा जुलै. आवण अठ्ठावीस दिवसांचं झालेलं. तुम्हाला माहीत आहेच, एकवीस ते पंचवीस दिवसांत रोप लावलं तर फुटवा चांगला येतो, पुढे प्रत्येक दिवसाला नुकसान. चिखलणीचा तिसरा दिवस. ट्रॅक्टर बांधाकडून वळवताना पुढच्या डाव्या चाकातून कट-कट-कट असा आवाज आला आणि चाक ओढायचं बंद झालं. मागची दोन चाकं जागेवर फिरत राहिली आणि ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतला. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून, दोरखंड लावून संध्याकाळी कसाबसा बाहेर काढला.

हब खोलला तर आतून तेल नाही, चहा निघाला. पाणी शिरून तेलाचा चहा झालेला. खालच्या बेव्हल गिअरचे दोन दात तुटलेले, बेअरिंग गंजून धरलेलं. सामानाच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, हे मॉडेल बंद आहे, सुटा गिअर येत नाही, पूर्ण जोडणी घ्यावी लागेल, ५८ हजार, आणि माल यायला महिना. महिन्यानं लावणी कशाची करायची?

घरी एकच चर्चा. विकून टाका, भंगारात घाला, नवीन घ्या. नवीन म्हणजे कर्ज. आणि भंगारात घातलेल्याचं उदाहरण डोळ्यासमोर होतं. नेऱ्याकडच्या माझ्या एका मित्रानं दोनच वर्षांपूर्वी ह्याच मॉडेलचा ट्रॅक्टर असाच पुढच्या एक्सलपायी मोडीत दिला. तीस रुपये किलो. इंजिन धडधाकट होतं. ज्या गिअरसाठी मी वणवण करत होतो, तो उजव्या बाजूचा चांगला गिअर त्या लोखंडाच्या भावात वितळून गेला. ती गोष्ट मला लय लागली, आणि त्यातूनच हा सगळा शोध सुरू झाला.

पुढची चाकं चालवायची गरज का पडली

कोरड्या रानात दोन चाकांचा ट्रॅक्टर पुरतो. नांगर ओढताना वजन मागच्या चाकावर येतं, मागचे टायर जमीन धरतात. भाताच्या खाचरात गणित उलटं. वर फूटभर चिखल, खाली कडक तळी. मागचं चाक चिखलात घसरतं आणि पुढची चाकं नुसती ढकलली जातात, जशी काही चिखलात रोवलेली पाचर. चिखल पुढे साठतो, ट्रॅक्टर अडतो, स्टेअरिंग फिरवलं तरी सरळच जातो. पुढची चाकं स्वतः फिरली तर ती त्या चिखलावर चढतात आणि वळतातही. आमच्या पनवेल-कर्जत भागात खाचरं लहान, बांध जवळ जवळ, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांना वळण. म्हणून आमच्याकडे हलका, छोटा, पण चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर लागतो.

पण एक अडचण आहे. पुढचं चाक ओढायलाही पाहिजे आणि वळायलाही पाहिजे. मागच्या एक्सलमध्ये सरळ दांडी गेली की काम झालं. पुढे मात्र ताकद कोपऱ्यातून वळवून न्यावी लागते. सगळी महागाई त्या कोपऱ्यात आहे.

जन्मच जुन्या मालातून

आता इतिहास ऐका. चारही चाकं ओढणारे ट्रॅक्टर बनवायचे प्रयत्न जुने आहेत. इटलीच्या सामे कंपनीनं १९५२ साली डीए-२५ नावाचा तसा डिझेल ट्रॅक्टर काढला. पण मला आवडलेली गोष्ट इंग्लंडची आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेच्या लष्कराचे जीएमसी ट्रक युरोपभर पडून होते. अडीच टनी ट्रक, सगळी चाकं ओढणारे, युद्धकाळात पाच लाखांहून जास्त बनलेले. इटलीत ट्युरिनच्या सेलेने नावाच्या कारखान्यानं डोकं लढवलं. त्या ट्रकचा पुढचा चालता एक्सल काढून फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला बसवला. इंग्लंडच्या रोडलेस ट्रॅक्शन कंपनीनं तीच पद्धत उचलली आणि १९५६ साली फोर्डसन मेजरचा फोर व्हील अवतार बाजारात आणला.

म्हणजे बघा, शेतकऱ्यांना विकलेल्या सुरुवातीच्या नावाजलेल्या फोर व्हील ट्रॅक्टरांपैकी एकाचा पुढचा एक्सल हा दुसऱ्याच गाडीचा, लष्करानं टाकून दिलेला माल होता. त्या लोकांना कोणी सांगितलं नव्हतं की हे सामान ह्याच कंपनीचं पाहिजे. त्यांनी माप घेतलं, दात मोजले, बसतंय का बघितलं आणि बसवलं. जुन्या मालातून एक्सल उभा करायचा म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. त्यांना ही गोष्ट सांगावी.

आपल्या मुंबईतही युद्धाच्या गाडीनं हे तंत्र आणलं. ती गाडी म्हणजे जीप. अमेरिकेच्या विलीज कंपनीनं १९४५ मध्ये जीपचं नागरी मॉडेल काढलं ते मुळात शेतकरी डोळ्यासमोर ठेवून. आणि महिंद्रनं १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. पुढचा एक्सल चालतो कसा, वळतो कसा, त्याचा क्रॉस-जॉइंट बदलायचा कसा, हे मुंबई-ठाण्याच्या मेस्त्री लोकांना जीपमुळे ट्रॅक्टरच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

आपल्याकडे फोर व्हील उशिरा का आला

भारतात ट्रॅक्टर बनू लागले ते सगळे मागच्या चाकांवर ओढणारे. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ मध्ये महिंद्र आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनं मिळून मुंबईत कांदिवलीला इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी केली आणि तिथून बी-२७५ निघाला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्येच विलीन झाली. १९७१ मध्ये पिंजोरला एचएमटीनं झेटरच्या सहकार्यानं ट्रॅक्टर सुरू केले, १९७४ मध्ये पंजाबात स्वराज आला, त्याच वर्षी किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्यानं ट्रॅक्टर काढले.

ह्या ट्रॅक्टरांचा पुढचा एक्सल म्हणजे एक आडवी दांडी, दोन स्पिंडल, दोन हब आणि चार बेअरिंग. बिघडण्यासारखं काही नाहीच. देशावरच्या काळ्या रानाला आणि ट्रॉली ओढायला तेवढं बास होतं. म्हणून गावोगावच्या मेस्त्रीची अख्खी पिढी पुढच्या एक्सलला ग्रीस मारण्यापलीकडे काही न करता तयार झाली. आज आपला फोर व्हील बिघडला की मेस्त्री हात वर करतो, त्याचं मूळ हे आहे. त्याचा दोष नाही.

भातवाल्यांसाठी मशीन आलं ते जपानकडून. जपानची शेती आपल्या कोकणासारखी, लहान खाचरं, चिखल. आधी पॉवर टिलर आले. १९६७ मध्ये बंगलोरला मित्सुबिशीच्या सहकार्यानं व्हीएसटी, १९७३ मध्ये केरळात कुबोटाच्या सहकार्यानं काम्को. पॉवर टिलरमागे दिवसभर चिखलात चालायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. नंतर त्याच जपानी वळणाचे १८-२० हॉर्सपॉवरचे छोटे फोर व्हील ट्रॅक्टर आले. कोकणात ते भातासाठी गेले, आणि नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागेत, दोन ओळींच्या मधून जायला. हे दोन गिऱ्हाईक लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

दुसरा प्रवाह इटलीचा. पादुआजवळच्या काम्पोदार्सेगोत १९३२ साली जोवान्नी कारारोनं सुरू केलेली कंपनी पुढे एक्सल बनवण्यात जगभर नावाजली. तिनं १९९७ मध्ये भारतात कंपनी काढली, कारखाने आपल्या पुण्याजवळ रांजणगावला. २०२४ च्या डिसेंबरात ती शेअर बाजारातही आली. ट्रॅक्टरवर नाव वेगवेगळ्या कंपन्यांचं असतं, पण पुढचा चालता एक्सल कित्येकदा अशा एक्सलवाल्या कारखान्याचाच असतो. बॅकहो लोडर, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, त्यालाही असेच कारखाने एक्सल देतात.

दोन जाती ओळखा

सामान शोधायच्या आधी आपला एक्सल कुठल्या जातीचा ते बघा.

पहिली जात, बेव्हलची. जपानी वळणाच्या छोट्या ट्रॅक्टरात बहुतेक हीच. मधल्या डिफरन्शियलमधून दांडी कोपऱ्यापर्यंत जाते, तिथे बेव्हल गिअरनं ताकद खाली वळते, उभ्या शाफ्टनं खाली उतरते, परत बेव्हल गिअरनं चाकाकडे वळते. चाक त्या उभ्या शाफ्टभोवतीच वळतं. बाहेरून बघितलं तर चाकाच्या आत उभं, बंद, नळकांड्यासारखं घर दिसतं. ह्यात क्रॉस-जॉइंट नाही, वळण मोठं मिळतं, पण सील भरपूर आणि ते चिखलाच्या पातळीला.

दुसरी जात, प्लॅनेटरी हबची. मोठ्या ट्रॅक्टरांना ही असते. आडव्या दांडीला कोपऱ्यात क्रॉस-जॉइंट, आणि चाकाच्या हबमध्ये लहान तीन-चार गिअर एका मोठ्या दातेरी रिंगच्या आत फिरतात. गोल फुगीर हब, त्याला तेलाचा प्लग, की समजा ही जात.

एक्सलवर स्वतंत्र पत्र्याची पाटी आहे का बघा. चिखल आणि रंगाखाली दडलेली असते. वायर ब्रश मारा. एक्सलवाल्या कारखान्याचं नाव आणि नंबर मिळाला तर ट्रॅक्टर कंपनीच्या दारात उभं राहायची गरज निम्म्यानं कमी होते.

कंपनी जाते, नंबर राहतो

ट्रॅक्टर कंपन्यांचा इतिहास बघितला तर एक गोष्ट दिसते. किर्लोस्कर-डॉइट्झ आता नाहीत. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ च्या ऑक्टोबरात घेतला. फोर्डचं नाव एस्कॉर्ट्सच्या ट्रॅक्टरवरून गेलं आणि त्याच घडणीवर फार्मट्रॅक आला. नाव जातं, सहकार्य तुटतं, मॉडेल बंद होतं. पण ट्रॅक्टर रानात पुढची पंचवीस-तीस वर्षं चालतच असतो.

मग तो जगतो कशावर? नंबरवर. सगळ्यात चांगलं उदाहरण बेअरिंगचं. अमेरिकेत हेन्री टिमकेन हा घोडागाड्या बनवणारा माणूस. वळणावर गाडीच्या चाकाला बाजूनं येणारा दाब सहन होईना, म्हणून त्यानं निमुळत्या रोलरचं बेअरिंग काढलं, १८९८ मध्ये पेटंट घेतलं. स्वीडनमध्ये १९०७ मध्ये एसकेएफ सुरू झाली. नंतर जगभरच्या कारखान्यांनी बेअरिंगची मापं एक करून घेतली. आपल्याकडे १९४६ मध्ये जयपूरला एनबीसी बेअरिंगवाली कंपनी निघाली, १९६० च्या दशकात चिंचवडला एसकेएफचा कारखाना झाला. आज जपानी ट्रॅक्टरमधलं बेअरिंग जयपूरचं बसतं, कारण माप जगाचं आहे, कोणा एकाचं नाही.

नंबर वाचायला दहावीचं गणितही लागत नाही. ६२०६ घ्या. शेवटचे दोन आकडे ०६, त्याला पाचानं गुणा, ३०. आतलं भोक ३० मिलीमीटर. ६२०७ म्हणजे ३५, ६२०८ म्हणजे ४०. हे ०४ पासून पुढे लागू. सुरुवातीचा ६ म्हणजे साधं गोळ्यांचं बेअरिंग, सुरुवातीचा ३ आणि नंबर पाच आकडी, जसा ३०२०६, म्हणजे टिमकेनच्या जातीचं निमुळत्या रोलरचं. ६२०६ चं पूर्ण माप ३० बाय ६२ बाय १६. हेच बेअरिंग मोटारीला, पंपाला, कडबाकुट्टीलाही असतं. ट्रॅक्टरच्या पुडीत घातलं की त्याचीच किंमत वाढते.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात. शाफ्टचा व्यास, घराचा व्यास, जाडी. ३५-५२-८ असं. नंबर पुसला असेल तर जुना सील मोजू नका, रबर फुगलेलं असतं. शाफ्ट आणि घर मोजा, व्हर्नियरनं. चिखलात काम असेल तर दोन ओठांचा सील मागा. स्प्रिंगवाला ओठ तेलाकडे, साधा ओठ चिखलाकडे. आणि शाफ्टवर जुन्या सीलची रेघ पडली असेल तर नवा सीलही त्याच रेघेत बसून गळणार. घरात जागा असेल तर सील दोन मिलीमीटर मागे-पुढे बसवायचा, नसेल तर टर्नरकडून स्लीव्ह चढवायचा. लोक वर्षाला सील बदलतात आणि सीलला शिव्या देतात, रेघ कोणी बघत नाही.

तीन ढीग

मी खोललेलं सगळं सामान पोत्यावर मांडलं आणि तीन ढीग केले. हीच माझी मुख्य युक्ती.

पहिला ढीग नंबरचा माल. बेअरिंग, सील, ओ-रिंग, सर्कलिप, नट-बोल्ट. हे ट्रॅक्टरच्या दुकानात मागायचंच नाही, बेअरिंग-सीलच्या दुकानात मागायचं.

दुसरा ढीग करून मिळणारा माल. पिव्होटचा बुश, पिन, शिम, स्लीव्ह. हे टर्नर करून देतो. नमुना आणि ज्यात बसवायचं ते घर, दोन्ही घेऊन जायचं.

तिसरा ढीग त्याच मॉडेलचा माल. बेव्हल गिअरची जोडी, उभा शाफ्ट, कास्टिंगचं घर. माझ्या तिसऱ्या ढिगात शेवटी फक्त एक वस्तू राहिली, खालच्या बेव्हल गिअरची जोडी. जे ५८ हजारांचं दिसत होतं ते एका जोडीवर आलं.

पहिला ढीग एका दुपारीत मिळाला, आणि कुठे मिळाला ते सांगायलाच पाहिजे. आमचं करंजाडे पूर्वी गाढीच्या काठचं भाताचं गाव. १९७० मध्ये सिडको आली, जमिनी संपादनात गेल्या. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला जे आंदोलन झालं, पाच माणसं गोळीबारात गेली, त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. आज करंजाड्यात बिल्डिंगी आहेत आणि मी नेऱ्याकडे खंडानं खाचरं करतो. विमानतळाचा भराव सुरू झाला तेव्हा ह्या भागात जेसीबी, डंपर, पोकलेन किती आले त्याला मोजदाद नाही. त्यांच्या दुरुस्तीसाठी कळंबोली-पनवेल पट्ट्यात बेअरिंग आणि सीलची दुकानं वाढली. पूर्वी ज्या मापाच्या सीलसाठी मुंबई गाठावी लागायची ते आता फळीवर असतं. ज्या मशिनांनी आमची खाचरं बुजवली, त्यांच्याच दुकानात माझ्या चिखलणीच्या ट्रॅक्टरचं सामान मिळालं. ह्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पैसे दिले, पक्कं बिल घेतलं. बिल घ्याच, बेअरिंगमध्ये नकली पुड्या फार.

तिसऱ्या ढिगासाठी द्राक्षवाले आठवले. बागेतला छोटा ट्रॅक्टर फवारणी आणि रोटाव्हेटर कोरड्या जमिनीवर करतो, फोर व्हीलचा दांडा क्वचित टाकतो. त्यामुळे त्यांचं इंजिन झिजतं, पुढचा एक्सल कोरा राहतो. आपल्या चिखलवाल्यांचं उलट. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला जुने ट्रॅक्टर तोडणाऱ्या एकाकडे माझ्या मॉडेलचे दोन एक्सल पडलेले सापडले. तुटलेला गिअर पिशवीत घालून गेलो होतो. दात मोजले, स्प्लाइन मोजल्या, भोक मोजलं, शाफ्टची लांबी मोजली. एका एक्सलचा एक दात कमी निघाला. मॉडेलचं नाव तेच, साल वेगळं. तो घेतला असता तर डावं चाक उजव्यापेक्षा वेगळ्या गतीनं फिरायला बघत राहिलं असतं आणि मधला डिफरन्शियल त्याच्या नादात झिजला असता. दुसऱ्याची जोडी घेतली. बेव्हल गिअर नेहमी जोडीनंच घ्यायचा, एकमेकांत मुरलेले असतात. वेल्डिंग करून दात भरून देतो म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार.

हिशोब असा. गिअर जोडी ७,५००, बेअरिंग २,६००, सील आणि ओ-रिंग १,४००, टर्नर ९००, तेल १,६००, मेस्त्री आणि येण्या-जाण्याचा खर्च ३,०००. एकूण १७,०००. दिवस गेले सहा. आवण चौतिसाव्या दिवशी लागलं. फुटवा कमी आला, उत्पन्नात फटका बसला, ते लपवत नाही. पण हंगाम गेला नाही आणि ट्रॅक्टर भंगारात गेला नाही.

मुळात मोडला का

जोडणी करताना मेस्त्री शांतपणे म्हणाला, "दादूस, गिअर मेला नाय, तू त्याला मारलास." खरं होतं. माझ्या तीन चुका.

पहिली, पाणी. पाच वर्षं तेलाचा प्लग खोलून बघितला नव्हता. चिखलणी संपली की प्रत्येक हबखालचा प्लग थोडा सैल करायचा. आधी पाणी किंवा दुधाळ तेल आलं की सील गेला समजायचं. सीलला दोन-तीनशे रुपये, गिअरला साडेसात हजार.

दुसरी, डांबर. रानातून घरी येताना फोर व्हीलचा दांडा काढायचा राहून जायचा. चिखलात पुढच्या-मागच्या चाकातला फरक घसरून निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो सगळा ताण गिअरच्या दातांवर बसतो. मी असा कित्येक किलोमीटर आलोय.

तिसरी, टायर. ही कोणी सांगत नाही. फोर व्हीलमध्ये पुढचं चाक मागच्यापेक्षा किंचित जास्त पळालं पाहिजे, साधारण एक ते पाच टक्के. मी मागचे टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरले आणि पुढे नवे, थोडे मोठे टाकले, स्वस्तात मिळाले म्हणून. मोजायची रीत सोपी. टायरवर खडूनं खूण करा. दांडा काढून ट्रॅक्टर सरळ चालवा आणि मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत पुढच्याचे किती झाले ते मोजा. मग भुसभुशीत रानात दांडा टाकून तेच मोजा. माझं दांडा टाकून १६.५ आलं आणि काढून १५.२. फरक १.३, भागिले १५.२, म्हणजे साडेआठ टक्के. पुढचा एक्सल सतत मागच्याला ओढत होता. मागचे टायर बदलले, पुढचे मूळ मापाचे घातले, आता दांडा काढून १६ येतं, म्हणजे तीन टक्के. गिअर बदलून टायर तेच ठेवले असते तर पुढच्या जुलैत परत तोच कट-कट आवाज ऐकला असता.

शेवटचं

२०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक खात्यानं राईट टू रिपेअर म्हणून सुरुवात केली, दुरुस्तीच्या हक्काची. त्यात शेती अवजारंही घेतली आहेत. कंपन्यांनी सामानाची आणि दुरुस्तीची माहिती द्यावी हा त्यामागचा विचार. चांगला आहे, पुढे जावो. पण जी कंपनीच उरली नाही ती काय माहिती देणार? तिथे आपली वहीच कामाला येणार.

म्हणून मी गोठ्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय. हबचं बेअरिंग, उभ्या शाफ्टचं वरचं-खालचं बेअरिंग, तिन्ही सीलची मापं, गिअरचे दात, टायरचं माप, खडूचा आकडा. वही हरवते, मोबाईल पाण्यात पडतो, भिंत राहते. माझ्यानंतर मुलगा ट्रॅक्टर चालवेल की नाही माहीत नाही, पण चालवला तर त्याला कोणाच्या काउंटरवर उभं राहून "मॉडेल बंद आहे" ऐकून मान खाली घालायला लागू नये.

आणि एक विनंती. तुमच्या गावात कोणी जुना फोर व्हील मोडीत देत असेल तर वजनकाट्यावर जायच्या आधी त्याचा पुढचा एक्सल उतरवून घ्या. चार जणांत मिळून घ्या, पोत्यात तेल लावून ठेवा. किलोला तीस रुपये देऊन भंगारवाला जे नेतो, तेच सामान एखाद्या जुलैत कोणाचं तरी अख्खं भात वाचवतं.

पाऊस परत धरलाय. बांध बघायला जातो. राम राम.